कोरींचं पाणी

२७ एप्रिल, शनिवार

काल सकाळी फजरची नमाज झाल्यावर मी माळ्यावरून अम्मीची तांब्याची घागर खाली काढली. अंगणात बसून चिंच आणि मीठ लावून घासली. पूर्वी तिला आतून पांढरी कल्हई होती. ती कधीच विरली, आणि कल्हईवाला आमच्या गावात यायचा बंद होऊन दहा-बारा वर्षं झाली. पांढरट अशी जी थोडी साय उरली होती तीही चिंचेने निघाली आणि घागर आतून लालभडक झाली. गळ्यापाशी कोरलेलं अम्मीचं नाव पुन्हा वाचता येऊ लागलं. टॉवेलात गुंडाळून, मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून मी ती कॉलेजात नेली.

कारण असं. मी संगमनेरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. सतरा वर्षं झाली, अजून कंत्राटीच. आमच्या मागच्या खोलीत बारा डबे आहेत आणि त्यांत समुद्राचे जीव आहेत. धनश्रीताई त्यांच्यावर पीएच.डी. करतात. पुस्तकातलं नाव ॲम्फिपॉड. झिंग्याचे लांबचे भाऊबंद, पण जिऱ्याएवढे; फार वाढला तर तांदळाएवढा. अंग असं वाकलेलं की मी मनातल्या मनात त्यांना कोरी म्हणतो. ईदच्या चंद्राची असते तशी कोर. पोहतात, सरपटतात, ते कुशीवर.

डबे उघडे असतात आणि उन्हाळ्यात रोज बोटभर पाणी उडून जातं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून वरून घालायचं ते आरओचं गोडं पाणी, खुणेच्या रेघेपर्यंत. हे माझं काम. ते पाणी मी प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवत होतो, पण खिडकीतल्या उन्हाने कॅनला हिरवा बुरा धरला, पाण्याला वास येऊ लागला. आपल्या तोंडाला नको वाटतं ते मुक्या जिवाला कसं घालायचं? अम्मी म्हणायची, पाणी पाक राहतं ते तांब्यातच. लोखंडी बादली वापरायची नाही, ती गंजते, असं ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तांबं काही गंजत नाही.

घागर स्टोअरमध्ये बेसिनखाली ठेवली. सकाळी भरली, दुपारी त्यातलं पाणी बाराही डब्यांना घातलं, जाताना पुन्हा भरून ठेवली. आता रोज रात्रभर ठेवलेलं पाणी घालता येईल. ताईंना मुद्दाम सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

डब्यांच्या नोंदींचं एक रजिस्टर आहे. तापमान, खारटपणा, कात, मेलेले, आणि शेवटचा रकाना माझा: ‘पाणी भरले’, पुढे सही. तसंच एक कोरं रजिस्टर ताईंनी मला दिलं. म्हणाल्या, “मामा, तुमच्या डोक्यात काहीतरी सारखं चालू असतं. लिहीत जा.” घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण माझी शाळा गावची, मराठी. म्हणून मराठीत लिहितो.

१ मे, बुधवार

झेंडावंदन झालं आणि कॉलेज रिकामं झालं. कोरींना सुट्टी नसते.

नऊ नंबरच्या डब्यात एक जोडी लागली आहे. नर मादीला पोटाशी धरून फिरतो. खाताना, पळताना, सोडत नाही. असे चार-पाच दिवस जातात. तिने कात टाकली की अंग थोडा वेळ मऊ असतं, तेवढ्यातच अंडी धरतात. मग तो सोडून जातो. ती अंडी छातीखालच्या पिशवीत घेऊन हिंडते आणि पाय हलवून त्यांना सारखं पाणी घालत राहते, आपण पाळण्याला झोका देतो तसं. पिल्लं बाहेर पडतात ती आईबापांसारखीच, फक्त ठिपक्याएवढी. तीन वर्षं बघतो आहे, तरी अजून बघत उभा राहतो.

ताईंनी तीन वर्षांपूर्वी कोकणातल्या खडकांवरच्या शेवाळातून साठ जीव आणले. एक ते चार डब्यांत समुद्राएवढं मीठ. पाच ते आठ, निम्मं. नऊ ते बारा, त्याहून कमी, लिटरला बारा ग्रॅम. पिढीमागून पिढी, चिमटीचिमटीने मीठ कमी करत आणलं. आता विसाच्या पुढची पिढी आहे. ज्यांच्या पणज्या या पाण्यात मेल्या असत्या ते यात मजेत पोहतात. हे गेले तर पुन्हा साठ आणायचे आणि पुन्हा तीन वर्षं. ताईंच्या हातात एकच वर्ष उरलं आहे. सह्याद्रीच्या या अंगाला, इतक्या कोरड्या मुलखात हे जीव आमच्या भरवशावर आहेत. अमानत म्हणतात ती हीच.

नऊच्या तळाला दोन पांढरी टरफलं दिसली. कात असावी.

४ मे, शनिवार

कात नव्हती. कात रिकामी असते, काचेसारखी. ही भरलेली होती आणि बाकीचे ती खात होते. नऊमध्ये अकरा, बारामध्ये सतरा.

ताईंनी पिपेटने एकेक उचलून बशीत ठेवला.

“मामा, मीठ?”

“बारा. काल होतं तेवढंच.”

“तापमान?”

“सव्वीस.”

“मग यांना झालं काय?” असं त्या मला विचारत नव्हत्या. डब्याला विचारत होत्या.

एक ते चार ठणठणीत आहेत.

७ मे, मंगळवार

आप्पासाहेब सर आज खोलीत आले. ते विभागाचे प्रमुख आणि ताईंचे मार्गदर्शक. बशीकडे बघितलं, रजिस्टर चाळलं. ताई समोर उभ्या होत्या.

“कमी मिठाचे मरतायत, पुऱ्या मिठाचे जगतायत. आणखी काय पुरावा पाहिजे तुला?”

“सर, मीठ मार्चनंतर हललेलं नाही. दीड महिना ते त्यात नीट होते.”

“नियाज, तू रोज असतोस इथं. हिने मार्चमध्ये मीठ कमी केलं होतं की नाही?”

“केलं होतं सर. थोडंसं.”

“झालं तर. पदवी घाईने मिळत नसते, बाई. बी पेरून रोज उकरून बघणाऱ्यातली तू.”

मी खरं तेच सांगितलं. खरं बोलून तोंड कडू व्हायला नको होतं. ताई बशीतले मेलेले पुन्हा मोजू लागल्या. चहाचा कप तसाच राहिला, त्यावर साय धरली.

८ मे, बुधवार

नऊमधली जोडी सुटली आहे. मादीच्या पोटाखाली अंडी आहेत, हिरवट काळी. तिला आणि आणखी सहा जणांना मी लोणच्याच्या काचेच्या बरणीत काढलं. ताईंनी एप्रिलच्या सुरुवातीला बारा मिठाचं पाणी करून ठेवलं होतं, तेच घातलं. वर झाकण, सैलसर. ताईंना विचारूनच केलं. “ठेवा मामा, तुमच्या हाताला बरकत आहे,” म्हणाल्या.

१० मे, शुक्रवार

घागर आज पुन्हा चिंचेने घासली. बुडाला निळसर हिरवी कड धरते, ती पुसून काढली. पाणी भरल्यावर दुरूद पढून त्यावर दम केला, फुंकर घातली. अम्मी आजारी माणसाच्या पाण्यावर करायची तसा. कुणाला सांगितलं तर हसतील. पण आजपर्यंत जेवढं कळत होतं तेवढं सगळं करून झालं होतं.

१३ मे, सोमवार

मतदान. सर ड्युटीवर, कॉलेज बंद. बोटाला शाई लावून तसाच डबे बघायला गेलो. बारा नंबर रिकामा झाला. बाकीच्या डब्यांत आयांच्या पिशवीतून अंडी गळून तळाला पडलेली मी आज पहिल्यांदा बघितली. त्या आया पुरत्या मेल्या नव्हत्या, पण त्यांचे पाय हलत नव्हते.

१५ मे, बुधवार

चोवीस तारखेला ताईंचं काम तपासायला समिती येणार आहे. सर म्हणाले, मला जे दिसतंय ते मी लिहिणार. म्हणजे ताईंची नोंदणी रद्द करण्याची शिफारस.

ताई म्हणाल्या, “सर, बरणी बघा. तेच मीठ, तोच डबा नऊ. सातच्या सात जिवंत.”

“बरणीत सात, डब्यात पाचशे. गर्दीत मरतात.”

सर गेल्यावर ताई माझ्याकडे वळल्या. “मामा, डब्यात आणि बरणीत फरक काय आहे? तुम्हीच सांगा. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघता.”

मी बरणीकडे बघितलं. “झाकण,” म्हणालो.

त्यांचे डोळे चमकले. “धूळ! खिडकीतून रस्त्याची धूळ, शेतातल्या फवाऱ्याची वाफ...” आम्ही दोघांनी मिळून सगळ्या डब्यांना मलमल बांधली. दोरे मी आवळले, गाठी त्यांनी मारल्या. बऱ्याच दिवसांनी त्या हसल्या. “मामा, पीएच.डी. तुम्हालाच द्यायला पाहिजे.”

मलमल बाजूला करून रोजच्यासारखं पाणी घातलं आणि पुन्हा बांधून टाकली.

१७ मे, शुक्रवार

सकाळी पाणी भरून आलो होतो. मलमल लावूनही अकरामध्ये वीस मेले.

जुम्याची नमाज झाल्यावर घरी जाववेना. आसारामच्या मळ्यात गेलो. तो माझ्या शाळेतला, डाळिंबवाला. खोडांना लावायला बोर्डो, बुरशीचं औषध, करत होता. प्लास्टिकच्या ड्रममध्ये मोरचुदाचं निळं पाणी, त्यात चुन्याची निवळी.

“या, मौलाना. तुज्या कॉलेजातल्या उवा जित्या हायत का?”

“मरतायत रे.”

“मरू दे. उवा मारायला लोक पैसं देत्यात, तुमी पाळायला पगार घेता!”

बोलता बोलता त्याने कोयता ड्रममध्ये बुडवला आणि बाहेर काढला. पातं लाल झालं होतं, जसं रंगात बुडवावं.

“ह्यो बग. आजून चुना मागतंय. तांबं सुटं हाय.”

“तांबं कुठलं?”

“मंग मोरचूद म्हंजी काय? तांब्याचंच मीठ की. भांड्यात लाल, पान्यात निळं. चुना कमी पडला की कोयत्यावर येऊन बसतं.” पातं त्याने गोणपाटाला पुसलं. “मागल्या साली म्या येड्यावानी ह्योच ड्रम शेततळ्यात खंगाळला. दुसऱ्या दिशी समदं झिंगं पालथं. मासं वाचलं, शेवाळ गेलं, झिंगा एक न्हाई ऱ्हायला. कवचवाल्यांचा काळ हाय ह्यो.”

मी विचारलं, “भांड्यातलं तांबं पाण्यात उतरतं का?”

“तांब्यात ताक ठेव बरं. उतरतंय का न्हाई तुला उलटीच सांगंल. का रं? तोंड का उतरलं?”

मी गाडीकडे निघालो. चौथ्या किकला गाडी चालू झाली.

पाणी उडतं, पाण्यात असेल ते मागे राहतं. मिठाबद्दल हे मीच लिहिलं आहे, याच वहीत, पहिल्या पानावर.

१८ मे, शनिवार

उजाडताच कॉलेजात गेलो. घागर बेसिनमध्ये ओतली. आतून हिरवी कड. पुसली नाही. नवीन पांढरा कॅन धुऊन त्यात आरओचं पाणी घेतलं. ताईंनी करून ठेवलेल्या मिठाच्या पाण्यातून प्रत्येक डब्याचं निम्मं पाणी बदललं. ताई आल्यावर म्हणालो, पाणी जुनं झालं होतं. त्या बरं म्हणाल्या.

घागर कपड्यात गुंडाळून स्टोअरच्या वरच्या फळीवर ठेवली.

माझं चुकतही असेल. आसाराम म्हणजे काही शास्त्रज्ञ नव्हे. जीव वाचले तर सगळं आपोआप नीट होईल. मग सांगायची गरजही पडणार नाही.

१९ मे, रविवार

हाजराबी भाकरी थापता थापता म्हणाली, “दोन दिवस झाले, तुम्ही जेवताय कुठं? नुसतं ताट पुसताय.”

सांगितलं. सगळं. तिने तवा उतरवला.

“कायम करायच्या यादीत नाव आहे म्हणाला होतात. ती कधी?”

“जूनच्या पाच तारखेला.”

“म्हणजे पंधरा-सतरा दिवस.” तिने हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाली, “तुम्हाला कुणी विचारलं का, पाणी कशातून घातलं म्हणून?”

“नाही.”

“मग खोटं कुठं बोललात?”

मला वाटलं, सुटलो. पण घटकेनं तिनेच विचारलं, “अम्मींची घागर कुठं ठेवलीत?”

“फळीवर. गुंडाळून.”

“लपवलीत का?”

मी उठून हात धुतले. तिने पुन्हा तवा चढवला.

२० मे, सोमवार

नऊमध्ये एक मेला. दहामध्ये एकही नाही. माझं चुकलेलं नव्हतं. मरणं थांबावं म्हणून दुआ मागत होतो, आणि थांबलं तर मारणारा मीच हे पक्कं झालं.

२१ मे, मंगळवार

ताईंचे वडील आले. बिभीषण त्यांचं नाव. पाथर्डीकडचे, ऊसतोडीला जाणारे. धनश्रीताई लहानपणी सहा महिने कारखान्याच्या तळावर आणि सहा महिने गावात अशा शिकल्या, हे मला माहीत होतं. वडिलांना आजच बघितलं. टोपी हातात घेऊन ते प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर टोकाला बसले होते. सरांना भेटून आले तेव्हा ताई आत सामान आवरत होत्या. मी पाणी दिलं.

“सायेबांस्नी म्हनलं, पोरगी चुकली आसंल तर एक डाव पदरात घ्या. ते म्हनले, माज्या हातात न्हाई.” पाणी पिऊन त्यांनी पेला स्वतःच विसळला. “तुमी रोज हितं आसता ना? ती तुमाला मामा म्हंती. तुमच्याकडनं काय बोलता आलं तर बोला. ती निष्काळजी न्हाई वो. तळावर चिमणीच्या उजेडात...” त्यांनी टोपी घातली.

“चूक तिची नाही,” एवढंच मी म्हणालो.

“तुमी म्हनता त्येच लई झालं,” असं म्हणून त्यांनी मला हात जोडले. मला.

२२ मे, बुधवार

बरणीतली मादी आज काचेला चिकटून होती. भिंग लावून बघितलं तर तिच्या आजूबाजूला ठिपके हलत होते. चौदा मोजले. कुशीवर पोहणारे, वाकलेले, आईसारखेच. त्यातले दोन-तीन पुन्हा पिशवीत शिरत होते.

ताईंना हाक मारली. त्यांनी बघितलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. “छान आहेत,” म्हणाल्या. “मामा, यांना तुम्हीच सांभाळा. शनिवारी मी गावाला जाते. नंतरचं नंतर.” आणि रजिस्टरची पानं नीट लावून समितीच्या फायलींत ठेवली.

चौदा पिल्लं बारा मिठाच्या पाण्यात जन्मली. ताई चुकल्या नव्हत्या, हे ती बरणी ओरडून सांगत होती. तिची भाषा तिथं फक्त मला येत होती.

असरची नमाज पढताना सजद्यात बराच वेळ राहिलो. काही मागितलं नाही. मागायचं होतं ते कधीच मिळालं होतं. करायचं राहिलं होतं.

२३ मे, गुरुवार

सकाळी निघताना हाजराबीला म्हणालो, “आज विचारलं नाही तरी सांगणार आहे.” तिने डबा हातात दिला. “जेवून या मात्र,” म्हणाली.

सरांच्या खोलीत ताईही होत्या. मी फळीवरून घागर काढली, फडकं सोडलं आणि सरांच्या टेबलावर ठेवली.

“हे काय नियाज? लग्न आहे का कुणाचं?”

“सर, सव्वीस एप्रिलपासून सतरा मेपर्यंत मी डब्यांना यातलं पाणी घातलं. रात्रभर यात ठेवलेलं. आतली कल्हई गेलेली आहे. तांबं पाण्यात उतरलं आणि त्याने जीव मेले. मीठ कमी होतं तिथे आधी मेले. बरणीत हे पाणी गेलं नाही, म्हणून तिथले जगले. अठरापासून बंद केलं, तेव्हापासून मरणं थांबलं. ताईंची चूक नाही.”

सर खुर्चीतून उठले. सरांनी घागरीत डोकावून ती हिरवी कड बघितली. नखाने खरवडली. त्यांना कळलं, हे मला कळलं.

“दार लाव,” सर म्हणाले. मी लावलं. “पाच तारखेला यादी आहे, माहीत आहे ना तुला? हे तोंडीच राहू दे. घागर घरी ने. समितीला मी सांगतो, कारण तपासतोय म्हणून. हिला मुदत मिळेल. तुझंही नाव यादीतून जाणार नाही.”

ताई घागरीकडे बघत होत्या. “कमी मिठात तांबं जास्त विषारी ठरतं,” त्या हळू म्हणाल्या, जणू वाचून दाखवत होत्या. “मला सुचायला हवं होतं.” मग माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला कधी कळलं?”

“गेल्या शुक्रवारी.”

“सहा दिवस, मामा.”

“हो.”

“बाबा येऊन गेले तेव्हाही माहीत होतं?”

“हो ताई.”

त्या उठून मागच्या खोलीत गेल्या. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सर म्हणाले, “तुला समजलं ना मी काय म्हणालो ते?”

“समजलं सर.”

घागर मी घरी नेली नाही. तशीच टेबलावर राहू दिली, अम्मीचं नाव दाराकडे करून. मग मागच्या खोलीत जाऊन फायलींतून डब्यांचं रजिस्टर काढलं आणि खिडकीपाशी स्टुलावर बसलो. ताई बरणीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही, पण मी खिशात पेन चाचपतो आहे हे कळल्यावर आपलं पेन मागे सरकवलं.

सव्वीस एप्रिलपासून सुरुवात केली. ‘पाणी भरले’, पुढे माझी सही, आणि त्यापुढे आज लिहिलं: ‘तांब्याच्या घागरीतून.’ खालच्या ओळीत तेच. त्याच्या खालच्या ओळीत तेच. ‘वरीलप्रमाणे’ म्हणून नुसती टिंबं टाकली नाहीत. सतरा मेपर्यंत बावीस ओळी झाल्या. बाविसाव्या ओळीखाली आजची तारीख घातली, पूर्ण नाव लिहिलं, आणि रजिस्टर समितीच्या फायलींवर सगळ्यात वर ठेवून आलो.